गुणाच्या ओळीपासून पुढे

कोळीवाडा, पनवेल
१७ नोव्हेंबर १९९१

प्रिय विनू,

परवा नाक्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली, काशिरामदादा, रेवदंड्याहून फोन! मी आंघोळीला बसलो होतो. ओल्या अंगावरच सदरा चढवला आणि धावत सुटलो. वाटलं, दिवस भरायच्या आधीच काही झालं की काय. आणि तू विचारलंस काय, तर “बाबा, आईचा स्वेटर कुठंय?” बस, एवढंच. मागून तुझ्या सासूबाई कोणाला तरी कोळंबी सोलायला सांगत होत्या, तो आवाज आला. मग तू ‘ठेवते’ म्हणालीस आणि ठेवलास. मी रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा. एसटीडीवाल्याने विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, हो, स्वेटरची चौकशी होती. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय अशा नजरेने तो माझ्याकडे बघत राहिला.

तर त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलोय. लांबण लागेल, पण सगळं वाच, एक ओळ गाळू नकोस. या वेळी अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलंय. का, ते शेवटी सांगेन.

ओटीभरणाला मी तिकडे आलो होतो तो तुला आणायला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही मी काढलेली नाही. तुझी आई असती तर तिनेच तुझी पेटी भरली असती आणि तुला गाडीत बसवलं असतं. ती नाही म्हणून मी आलो. नवा सदरा घातला, अलिबागच्या स्टँडवर जुन्या ओळखीच्या कंडक्टरला सांगून परतीच्या गाडीत खिडकीजवळची दोघांची सीट धरून ठेवली. आयुष्यभर एसटीत घंटी मारली त्याचा एवढा तरी उपयोग. आणि तुझ्या सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर जाहीर करून टाकलं, “व्याही, तुमचे घरान बाईमानूस नाय. पुरुषाचे हातून कवा बालंतपन झालंय? पोरगी आता हितंच राहील.” बायकांनी माना डोलावल्या. आमचे जावई प्रितमराव चपला शोधायला लागले. तू खाली मान घालून ओटीतल्या नारळाची शेंडी उपटत बसलीस. माझ्या तोंडात त्यांच्याच घरचा लाडू होता, आणि भरल्या ओटीसमोर वाद घालायचा नसतो एवढं मलाही कळतं. परतताना ती शेजारची सीट पेणपर्यंत रिकामी आली. पेणला एक बाई कोंबडी घेऊन चढली. त्या कोंबडीने माझा नवा सदरा घाण केला आणि मी तिला जे काही बोललो ते खरं म्हणजे दुसऱ्याच कोणाला तरी बोलायचं होतं.

आता स्वेटरचं. तुझ्याकडून गोड बातमी आली त्याच दिवशी तुझ्या आईने बाजारातून लोकर आणली. फिकट पिवळी, मुलाला चालेल, मुलीलाही चालेल अशी. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे मूल जन्मायच्या आधी नवं काही करत नाहीत. जुन्या लुगड्याची मऊ दुपटी तेवढी चालतात. शेजारणींनी तिला सांगून पाहिलं. तुझी आई ऐकणारी थोडीच! “लुगरं फारून दुपटी करीनच, पन स्वेटर नवाच होनार. माझे नातवाला थंडी काय बारशाची वाट बघून वाजनार हाय?” असं म्हणून तिने सुया हातात घेतल्या. मासळीबाजारात दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिंबाने हात घासघासून धुवायची आणि पाटीशेजारी बसून विणायची. शोभाताई, त्या जुन्या बाजारात विणकामाचा क्लास घेतात त्या, तिच्याकडून मासळी घेणाऱ्या. सुरमईचे तुकडे होईपर्यंत त्यांनीच तिला टाके घालायला शिकवलं होतं, तुझ्या लग्नाच्याही आधी. बाजारातल्या बायका हसायच्या, पोराला पापलेटाचा वास येईल म्हणायच्या. ती म्हणायची, “येऊ दे. कोल्याचाच हाय ना पोर?”

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात तिला ताप चढला, आणि पौर्णिमेचा नारळ खाडीत पडला तेव्हा ती नव्हती. ते सगळं तू पाहिलंस, पुन्हा लिहीत नाही. तुला माहीत नाही ते पुढचं आहे. स्वेटरची पाठ झाली होती. पुढचा एक भाग झाला होता. दुसऱ्या भागाची बॉर्डर घालून तिने त्यावर थोड्या ओळी विणल्या होत्या आणि सुया तशाच अडकवून पिशवी खुंटीला टांगली होती. बाह्यांचा पत्ता नव्हता. बाराव्यानंतर मैनाताईने, तुझ्या आत्याने, तिचं अंथरूण आणि नेसती लुगडी गाठोड्यात बांधून खाडीत सोडली. तशी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी बघतो तर खुंटी रिकामी. मी बनियन आणि लुंगीवरच धक्क्याकडे पळालो.

धक्क्यावर मैनाताई पिशवी छातीशी धरून उभी, आणि समोर पाणीच नाही! ओहोटी. लांबवर नुसता चिखल, त्यात चिंबोऱ्या फिरतायत. जिचा बाप, भाऊ, नवरा सगळे पाण्यावर जगले, जिने जन्मभर भरती-ओहोटी बघून चूल पेटवली, ती रागाच्या भरात पाणी बघायला विसरली होती. चिखलात टाकलं तर ते सोडणं नव्हे, फेकणं झालं असतं. आणि तुझ्या आईची, माझ्या गुणाची, वस्तू फेकायला तिचा हात होईना. म्हणून ती भरतीची वाट बघत उन्हात ताटकळत होती. मी म्हटलं, दे इकडे. ती रडायलाच लागली. “काशा, तिचा अर्धा राहिलंय त्यान. जीव अरकलेला असतो. पोरीचे पोराचे अंगाव नको घालू.” मी म्हटलं, जीव अडकलाय तर सोडवायला नको का? पुरं करून सोडवतो. “कोन करनार पुरा?” मी म्हटलं, मी. धक्क्यावर जाळी शिवत बसलेले सगळे खो खो हसले. मैनाताई हसली नाही. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून गेली. तेव्हापासून तिने आपल्या घराची पायरी चढलेली नाही.

खरं सांगतो विनू, ‘मी’ म्हटलं तेव्हा सुई कुठल्या हातात धरतात तेही मला ठाऊक नव्हतं. पण एकदा चारचौघांत बोललो की मागे घ्यायची मला सवय नाही. ती तुलाही नाही, ते तू माझ्याकडूनच उचललंयस. शोभाताईंचा क्लास भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर भरतो. मी जिना चढून गेलो तर आत सगळ्या लग्नाच्या वयाच्या पोरी. हसू दाबून दाबून त्यांचे चेहरे लाल झाले. शोभाताईंना वाटलं मी मिळत्या रंगाची लोकर शोधायला आलोय. म्हणाल्या, “काका, कलर मॅच करून हवाय का?” म्हटलं, नाही ताई, शिकायचंय. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, तुझ्या आईचं काम ओळखलं, आणि एका पोरीला उठवून मला खिडकीजवळची जागा दिली. लाख मोलाची बाई आहे ती.

लहानपणी बापाबरोबर मी ढिगाने जाळी विणलीत. वाटलं, त्यापुढे हे काय अवघड आहे? तिथेच माझं घोडं अडलं. जाळ्याची गाठ सरकता कामा नये, म्हणून आपण ती थुंकीने ओली करून कचकन आवळतो. मी लोकरीचा प्रत्येक टाका तसाच आवळला. पुढच्या ओळीला सुई आत शिरेना! पहिली बाही अशी झाली की टेबलावर ठेवली तर डब्यासारखी ताठ उभी राहिली. सगळा क्लास हसला, मीही हसलो. शोभाताई म्हणाल्या, “काका, यात मासा पकडायचा नाहीये, बाळाचा हात घालायचाय. सैल सोडा.” सोडा म्हणणं सोपं आहे. माझी बोटं ऐकायची नाहीत. शिवाय जाळ्याचं एक घर फाटलं तर तेवढंच भोक पडतं. इथे एक टाका सुईवरून निसटला की तळापर्यंत उसवत जातो. कितीदा उसवलं ते विचारू नकोस. लोकर वापरून वापरून केसाळ झाली.

स्टँडवर आमची रिटायर्ड मंडळी चहाला जमते, त्यांना हे कळल्यावर तर उधाण आलं. आनंदा ड्रायव्हर म्हणाला, “काशिराम, आता बांगड्या कवा भरतोस?” म्हटलं, माझ्या मापाच्या मिळाल्या की लगेच, तू शोधून ठेव. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊनच स्टँडवर गेलो. कर्जतच्या फलाटासमोरच्या बाकावर, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बघेल असा बसलो आणि विणत राहिलो. नेऱ्याला जाणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “बरा करतंस बाबा.” बाकीचे नाकं मुरडत गेले. घरात लपून केलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण मी कुठे चोरी करत होतो? माझ्या नातवंडाचा स्वेटर होता, आणि माझ्या बायकोचं काम होतं.

सगळ्यात मोठा घोळ घातला तो पुढच्या दुसऱ्या भागात. गुणाने केलेला भाग मांडीवर ठेवला आणि ओळ बघून ओळ विणत गेलो, तिने जिथे टाके कमी केले तिथे मीही कमी केले. भारी खूश होऊन शोभाताईंना नेऊन दाखवला. त्यांनी दोन्ही भाग स्वेटरच्या पाठीवर ठेवून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. दोन्ही भाग एकाच बाजूचे! जिथे मुंढा हवा तिथे गळा, आणि गळ्याच्या जागी मुंढा. त्या लेकराने हात काय छातीतून बाहेर काढायचा? एक बाजू दुसरीसारखी करायची नसते, उलट करायची असते, हे माझ्या डोक्यात शिरायला आख्खा चहा गार झाला.

शोभाताई म्हणाल्या, सगळंच उसवा काका, बॉर्डरपासून तुम्हीच नव्याने विणा. कारण काय, तर गुणाचा हात सैल आणि सारखा, माझा हात आवळ, त्यामुळे जिथे तिच्या ओळी संपतात तिथे एक रेघ दिसते. खालचं मऊ, वरचं घट्ट. उसवून एकाच हाताने केलं तर कोणाला कळणार नाही. मी त्यांचं सगळं ऐकतो, हे ऐकलं नाही. मुंढ्यापर्यंत उसवलं, मग तिच्या ओळींच्या वरच्या माझ्या ओळीही उसवल्या. पण तिची शेवटची ओळ आली तेव्हा थांबलो. सगळे टाके एकेक करून सुईवर घेतले आणि तिथून पुढे पुन्हा विणलं. ती रेघ अजून दिसते. दिसू दे. तिने जिथे सोडलं तिथून मी धरलं, हे तुझ्या बाळाच्या अंगावर दिसलं तर मला कसली लाज? मला तुझ्या आईची फार आठवण येते विनू. विणताना जरा कमी येते, किंवा जास्त येते पण सहन होते.

तर स्वेटर पुरा झालाय. पाठ, दोन्ही पुढे, दोन्ही बाह्या, सगळं जोडून शिवलंय. डावी बाही उजवीपेक्षा थोडी लांब आहे, ती दुमडायची. काजं गुणाने आधीच्या भागात ठेवलीच होती; मुलाची एका बाजूला, मुलीची दुसऱ्या बाजूला असतात म्हणे, तिने ते बघितलंच नाही. आणि नुसता स्वेटर करून मी थांबलेलो नाही. तळ्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव सांगून आलोय. त्या म्हणाल्या, पेशंटला लवकर आणा, गर्दीच्या गाडीने नको. कृष्णाबाई, जिने तुला जन्मल्यावर तेल चोळून न्हाऊ घातलं, ती तुझ्यासाठी आणि बाळासाठी रोज येणार आहे. तिला विचारलं, घरात बाई नाही, चालेल? ती म्हणाली, “मी काय बाप्या हाय?” शेगडी आणून माळ्यावर ठेवलीय. डिंकाचे लाडू मी दोनदा करून पाहिले. पहिले दगड झाले, दुसरे शेजारी मागून घेऊन गेले. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण कसं करायचं ते बाजारात गुणाच्या शेजारी बसायच्या त्या बायकांनी शिकवलंय, आणि ताजी मुशी त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवणार आहेत. मैनाताई अजून बोलत नाही, पण मुशी लहान घ्यायची, मोठी नको, असा निरोप तिने कृष्णाबाईबरोबर पाठवलाय. मी तो पाळणार आहे.

आता मोठ्या अक्षराचं. तू मागे लिहिलं होतंस की तिकडे आलेलं प्रत्येक पत्र प्रितमराव जेवणं झाल्यावर आईला वाचून दाखवतात, कारण विहीणबाईंना वाचता येत नाही आणि ऐकायची हौस मात्र दांडगी. तर प्रितमराव, इथवर वाचलंत, आभारी आहे. तुमच्या चपलांपाशी जरा अडखळला असाल. आता आवाज चढवा. विहीणबाई, पत्रावर नाव विनूचं असलं तरी हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. ओटीभरणाला तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, आज मी बोलतोय आणि तुम्ही ऐकताय, फिट्टंफाट झाली. तुमच्या घरात माझ्या लेकीला काही कमी नाही, हे मी गावभर सांगतो. पण तिने फोन करून स्वेटर कुठंय एवढंच विचारलं, तेव्हाच मला कळलं की तिला घरी यायचंय आणि तुमच्यासमोर ते बोलायची तिची छाती होत नाही. माझी होते. येत्या रविवारी पहिल्या गाडीने मी येतोय आणि परतीला खाजगी जीप सांगितलीय. तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या ओट्यावर बसेन. सुया-लोकर बरोबर आणतोय, टोपडं आणि मोजे बाकीच आहेत, मला कसलीच घाई नाही. सगळं रेवदंडा बघायला आलं तरी मी विणत बसेन. स्वेटर मात्र आणणार नाही. तो इथे गुणाच्या खुंटीला आहे, आणि त्याला बटणं नाहीत. बटणं तिनेच घेऊन पिशवीच्या तळाशी ठेवलेली होती, ती मी लावलेली नाहीत आणि लावणारही नाही. बाळाची एक आजी गेली, दुसरी तुम्ही आहात. बारशाला पनवेलला या, माझ्या घरात बसा, आणि ती बटणं तुमच्या हाताने लावा. मग माझ्या घरात बाई नाही असं कोण म्हणतं ते मी बघतो.

विनू, पेटी भरून ठेव.

तुझाच, सुया सांभाळून बसलेला,
बाबा